मोकळा आणि मोकाट

दिवाळीत आमचा मोती पलंगाखाली राहतो. पहिला बाँब फुटला की तो जो आत शिरतो, तो भाऊबीज उलटेपर्यंत बाहेर यायचे नाव घेत नाही. तिकडे नेपाळात याच सणात एक दिवस कुत्र्यांचा असतो. त्यांना टिळा लावून गळ्यात झेंडूच्या माळा घालतात. मोती चुकीच्या मुलखात जन्मला, दुसरे काय!

हे आधीच सांगितले, कारण पुढचे लिहिणे कुणा कुत्रेद्वेष्ट्याचे आहे असे वाचकांनी समजू नये. आमच्या वस्तीतील श्वानप्रेमी मंडळींनी यंदा चळवळ उभारली आहे. नगरपालिकेच्या बागेचा एक कोपरा जाळी घालून कायमचा कुत्र्यांसाठी राखावा, तेथे त्यांना साखळीवाचून बागडू द्यावे, ही मागणी. अर्जावर मी सही केली नाही. तेव्हापासून सकाळच्या फेरीत माझ्याशी कुणी बोलत नाही. (त्यांची कुत्री मात्र शेपटी हलवतात.)

मागणीच्या मुळाशी दुःख खरे आहे. कुत्रा हा धावणारा प्राणी. त्याला दोन खोल्यांत कोंडायचे, दिवसातून दोनदा साखळीने विजेच्या खांबापर्यंत न्यायचे आणि वर त्याने भुंकू नये म्हणायचे, हा जुलूम आहे. बागेच्या फाटकावर 'कुत्र्यांना मनाई' अशी पाटी ठोकून पालिका हात झटकते. पण कुत्र्याने धावावे कोठे, हे त्या पाटीवर लिहिलेले नसते. हैदराबादेने २०१८ साली कोंडापूर भागात कुत्र्यांसाठी स्वतंत्र बागच केली. ज्यांना जमीन आहे त्यांनी अवश्य करावी.

आमचा कोपरा मात्र ओसाड माळ नव्हे. दुपारी शाळेतून सुटलेली पोरे तेथे लगोरी मांडतात, संध्याकाळी गुडघे धरीत आलेल्या म्हाताऱ्या टेकतात. त्या पोरांच्या घरीही दोनच खोल्या आहेत! सभेत एका वकिलांनी धर्मराजाच्या कुत्र्याचा दाखला दिला. टाळ्या पडल्या. पण वकीलसाहेब, तो कुत्रा मुकाट्याने मागून चालत होता. वाटेत कुणाच्या नातवाला त्याने पाडले नव्हते.

माझे म्हणणे एवढेच, की जागा मागू नका, वेळ मागा. न्यूयॉर्क शहरात सेंट्रल पार्क, ब्रुकलिनचे प्रॉस्पेक्ट पार्क अशा बागांच्या ठरावीक भागांत रात्री नऊनंतर बाग मिटेपर्यंत आणि उघडल्यापासून सकाळी नऊपर्यंत कुत्री सुटी सोडता येतात. मधला सारा दिवस तेच गवत पोराबाळांचे. पुष्कळ वर्षे ही नुसती वहिवाट होती. क्वीन्समधील एका नागरिक संस्थेने ती न्यायालयात नेली, संस्था हरली, आणि २००७ साली वहिवाटीचा रीतसर नियम झाला. मात्र कुत्र्याचा परवाना हवा, रेबीजची लस टोचलेली हवी. कुत्र्याची घाण मालकाने उचलावी हा कायदा तर तेथे १९७८ पासूनचा!

आमच्या मंडळींना हा क्रम उलटा हवा. सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांना मी वाकून घाण उचलताना पाहिले, हे सांगितले तर ऐन सणात भांडण होईल. लसीचा दाखला मागितला की उत्तर येते, "अहो, आमचा राजा घरातला आहे!" रेबीज घरातला-बाहेरचा पाहत नाही. त्याची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. अशा देशात एखादी आजी कुत्रा पाहून नातवाला पदराआड ओढते, तर तिला अडाणी म्हणायचे? आम्हांला मोकळा कुत्रा हवा आहे. तिला दिसतो तो मोकाट कुत्रा, आणि दोहोंतला फरक दाखवून देणे हे आमचे काम आहे, तिचे नव्हे.

सभेत मी नातवाचे बोललो, ते हवेत नव्हते. गेल्या उन्हाळ्यात असा एक नातू खरोखरच पडला, गुडघा फुटला. पाडणारा आमचा मोती. साखळी मीच सोडली होती, "काही करत नाही हो तो" असे म्हणत.

परवा मी निराळा अर्ज लिहिला: सकाळी सहा ते सात, फाटक लावून, परवाना आणि लसीचा दाखला पाहून, घाण उचलण्याच्या बोलीवर. तो घेऊन त्याच मुलाच्या आजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "सातला एक मिनिट कमी," म्हणाल्या, "आणि घड्याळ माझं." मग सही केली. अर्जावर सध्या दोनच सह्या आहेत.