हॅपी गुड फ्रायडे!

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये एक शुक्रवार असा येतो की सकाळपासून माझा मोबाईल वाजायला लागतो. "हॅपी गुड फ्रायडे भावा!" सोबत गुलाबाची फुलं, एखादं कबुतर, आणि खाली, "पार्टी कधी?"

आता मी हसतो. पण पहिल्या वर्षाला असताना असाच एक मेसेज वाचून मी अक्षरशः रडलो होतो. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी थोडी माहिती, कारण हॉस्टेलवर दर वर्षी हा प्रश्न येतोच. नाताळ म्हणजे येशूचा जन्म, हे सगळ्यांना माहीत आहे. गुड फ्रायडे हा त्याच्या वधस्तंभावरच्या मरणाचा दिवस. आमच्याकडे या दिवशी दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये उपासना असते. घरी गोडधोड नसतं, नवे कपडे नसतात. त्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, पुनरुत्थानाचा दिवस. तारीख दरवर्षी बदलते, कारण हिशोब चंद्रावर आहे: २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. (चर्चचं पंचांग थोडं वेगळं चालतं, पण मोटामोटी सूत्र हेच.) म्हणून गुड फ्रायडे कधी होळीला खेटून येतो, तर कधी हनुमान जयंतीला.

२०२३ साली असंच झालं. गुरुवारी ६ एप्रिलला हनुमान जयंती आणि शुक्रवारी ७ ला गुड फ्रायडे. गुरुवारी गेटजवळच्या मारुतीच्या देवळात महाप्रसाद होता, सगळं हॉस्टेल पंगतीला बसलं होतं. आणि त्याच संध्याकाळी पहिल्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला. मी दोन विषयांत उडालो. मॅथ्स आणि मेकॅनिक्स.

सिनियर्स म्हणतील, दोन विषय म्हणजे काय मोठं? पण माझ्यासाठी होतं. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातला (तोंडात अजून 'नगर'च येतं). दहावी-बारावीला शाळेत पहिला. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून फी भरलेली. रात्रभर झोप नाही. पहाटे उठून बॅग भरायला घेतली. ठरवलं होतं, घरी जायचं, वडिलांना सांगायचं की हे आपल्याच्यानं होत नाही, कुठेतरी कामाला लागतो.

तेवढ्यात बाजूच्या कॉटवरून रूममेटचा मेसेज: "हॅपी गुड फ्रायडे!" चार फुटांवरून! मला वाटलं हा माझी टर उडवतोय. मी ओरडलोच, "हॅपी कसला? मेलाय तो आज!" तो बिचारा दचकून उठला. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्यानं सॉरी म्हटलं, माझी उघडी बॅग बघितली, आणि मग एक साधा प्रश्न विचारला, "अरे, पण मग त्याला गुड का म्हणतात?"

आणि मला उत्तर देता येईना! जन्मापासून चर्चमध्ये जातोय, संडे स्कूलची बक्षिसं कपाटात आहेत, पण उत्तर नाही. शेवटी गावी आजीला फोन लावला. सलाम-नमस्कार झाला. आजीला माझ्या आवाजावरून काय ते कळलं असावं. तिनं आधी निकाल काढून घेतला, मग प्रश्नाचं उत्तर दिलं.

ती म्हणाली, "आपण त्याला उत्तम शुक्रवार म्हणतो ते रविवार बघितल्यावर. त्या शुक्रवारी त्याच्या शिष्यांपैकी एकानं तरी उत्तम म्हटलं असेल का? ते दारं लावून बसले होते. त्यांना वाटलं, संपलं सगळं. तू आत्ता शुक्रवारात हायेस पोरा. शुक्रवारी कुणी गाव सोडायचा निर्णय घेत नसतं. सोमवारपर्यंत थांब."

मी विचारलं, "आणि शनिवारी काय करू?" ती म्हणाली, "शनिवारी काय झालं ते शुभवर्तमानात जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. तो दिवस नुसता काढायचा असतो."

मित्रहो, मी बऱ्याच मोटिव्हेशनल सेमिनारला बसलोय. 'यू कॅन डू इट', 'स्वप्नं मोठी बघा' वगैरे. पण 'हा दिवस नुसता काढ' इतकं कामाचं मला कुणी सांगितलेलं नाही. शनिवारी मी मेसमध्ये जेवलो, कपडे धुतले, आणि रूममेटनं न विचारता मॅथ्सची वही माझ्यापुढे टाकली. रविवारी सकाळी शहरातल्या चर्चमध्ये गेलो. सोमवारी बॅग रिकामी केली.

आता इथे 'आणि पुढच्या परीक्षेत मी पहिला आलो' असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं! तसं काही झालं नाही. मॅथ्स पुढच्या प्रयत्नात सुटला. मेकॅनिक्सनं आणखी दोन वेळा दगा दिला. पण मी आज शेवटच्या वर्षाला आहे आणि इथेच आहे.

त्या दिवशी आजीनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. दोनच दिवस आधी, ५ एप्रिलला, पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन होऊन गेला होता. दुष्काळात आई-वडील गमावलेल्या, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच विधवा झालेल्या रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं हे आपण शाळेत वाचतो. पण त्यांनी अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं, हे फार जणांना माहीत नसतं. त्यासाठी या भाषा त्या मोठेपणी शिकल्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि ते बायबल छापून पूर्ण झालं १९२४ साली. म्हणजे स्वतःच्या कामाचा रविवार त्यांना बघायलाच मिळाला नाही. आणि आपण एक जर्नल रिपीट आलं की जीव द्यायला निघतो!

माझं मत असं आहे की सणाचा खरा उपयोग हा आहे. सुट्टी मिळते, डबा येतो, फोटो निघतात, ते सगळं हवंच. पण सण म्हणजे आपल्या आधी कुणीतरी वाईट काळ काढला होता, त्याची कॅलेंडरवर करून ठेवलेली खूण. ती बघायची सवय लागली की मग सणच लागतो असंही नाही, साध्या दिवशीही काहीतरी हाताला लागतं.

२०२४ चा नाताळ मी हॉस्टेलवर काढला, कारण २६ डिसेंबरला प्रॅक्टिकल होती. कॉलेजमध्ये झाड सजवलं होतं, सांताच्या टोप्या होत्या, सीक्रेट सांता झालं. मजा आली, तक्रार नाही. पण २४ च्या रात्री मला घरची आठवण येऊन करमेना. आईनं गाववाल्याबरोबर करंज्या आणि शंकरपाळे पाठवले होते. (हो, आमच्याकडे नाताळाला करंज्याच असतात!) डबा घेऊन खाली गेलो. गेटवर वॉचमन काका एकटे, कानटोपी घालून, शेकोटीपाशी.

तेव्हा डोक्यात आलं. येशूच्या जन्माची बातमी पहिल्यांदा कुणाला मिळाली? राजवाड्यात नाही, देवळातल्या पुजाऱ्यांनाही नाही. रानात मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांना. म्हणजे रात्रपाळीवाल्यांना! आणि मी अडीच वर्षं या माणसाला रात्री साडेदहानंतर गेट उघडा म्हणून गयावया करत होतो, पण त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. त्या रात्री विचारलं. बीडकडचे. मुलगी बारावीला, तिलाही इंजिनियरिंग करायचंय. करंजी खाऊन म्हणाले, "आमच्या दिवाळीसारखीच की!" तासभर बसलो. वर आलो तेव्हा करमत नव्हतं ते कुठल्या कुठे गेलं होतं.

कुणी म्हणेल, कॉलेजच्या अंकात हा धर्म कशाला? मी कुणाला चर्चमध्ये बोलावत नाहीये. माझा विश्वास माझ्यापाशी आहे, तो मी लपवत नाही एवढंच. पण रूममेटनं मला प्रश्न विचारला नसता तर माझ्याच सणातलं बळ मला कळलं नसतं, हेही खरं. म्हणून विनंती आहे: फॉरवर्ड पाठवण्याआधी एकदा समोरच्याला विचारा, "आज नेमकं काय असतं रे तुमच्यात?" ईद असो, बुद्धपौर्णिमा असो, पर्युषण असो. त्याला उत्तर आलं तर तुम्हाला नवीन कळेल. नाही आलं तर तो घरी आजीला फोन करेल, तेही वाईट नाही.

आणि स्टाफमधल्या सरांना, मॅडमना एक सांगणं: रिझल्टच्या दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधून एक चक्कर मारा. प्रत्येक विंगमध्ये कुणीतरी बॅग भरत असतं. त्याला लेक्चर नको असतं. सोमवारपर्यंत थांब, एवढं म्हणणारं कुणीतरी हवं असतं.

रूममेट अजूनही दरवर्षी "हॅपी गुड फ्रायडे" पाठवतो. आता मुद्दाम पाठवतो. मी उत्तर देतो, "सेम टू यू. रविवारी भेटू!"