चरित्रनोंद आणि चरित्रस्तुती

कोशासाठी एखाद्या गायकाचे चरित्र लिहावयास घेतले की काही विशेषणे हाताशी तयारच असतात. 'अलौकिक प्रतिभेचे', 'दैवी स्वरांचे', 'रसिकांच्या मनावर अधिराज्य गाजविणारे'. ती खोटी असतात असे नाही. परंतु एका नोंदीतून उचलून दुसऱ्या नोंदीत ठेवली तरी ती तितकीच शोभतात. ज्या वाक्यातील नाव बदलले तरी वाक्य अबाधित राहते, ते वाक्य त्या कलावंताविषयी काहीच सांगत नसते. म्हणून माझ्या मते स्तुतीने भरलेली नोंद कलावंताचा गौरव करीत नाही, ती त्याला इतरांच्या गर्दीत हरवून टाकते.

केसरबाई केरकर यांचे उदाहरण घेऊ. 'स्वर्गीय आवाजाच्या महान गायिका' असे लिहून आपल्या हाती काय लागते? त्याऐवजी असे लिहून पाहा : जन्म १८९२, केरी, गोवा. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ यांच्याकडे दीर्घकाळ तालीम. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ साली पद्मभूषण. अमेरिकेने १९७७ साली अवकाशात पाठविलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून जी ध्वनिमुद्रिका ठेवली आहे, तिच्यात त्यांनी गायिलेल्या भैरवीचा समावेश. त्याच वर्षी सप्टेंबरात निधन. येथे एकही विशेषण नाही, तरीही ही नोंद दुसऱ्या कोणाच्याही नावावर खपणार नाही. 'सूरश्री' हा शब्दही नावाआधी अलंकारासारखा न लावता, ही पदवी त्यांना १९४८ साली कोलकात्यात मिळाली, असे सांगितले की तो माहितीचा भाग होतो.

आता आख्यायिकांचा प्रश्न. नारायण श्रीपाद राजहंस यांचे बालपणीचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'बालगंधर्व' म्हटले, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कोशकाराने ती गाळावी काय? मुळीच नाही, कारण एका नटाला समाजाने कोणत्या नजरेने पाहिले हे त्या कथेतून कळते. मात्र तिची मांडणी वेगळी हवी. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान' प्रथम रंगभूमीवर आले, हे विधान कोश स्वतःच्या जबाबदारीवर करू शकतो. टिळकांच्या उद्गारांविषयी मात्र 'असे सांगितले जाते' एवढ्यावरही थांबू नये. कोण सांगतो, कोणत्या ग्रंथात सांगतो आणि घटनेनंतर किती वर्षांनी सांगतो, हे नोंदवावे. वाचकाला कथा मिळते आणि तिचे वजन करण्याचा तराजूही मिळतो.

संगीताच्या क्षेत्रात साधनांची पारख विशेष कठीण आहे. आपल्याकडील विद्या मुखोद्गत, गुरूवरील श्रद्धा हा तिचा पाया, आणि घराण्याचा अभिमान तिच्या रक्तातच भिनलेला. त्यामुळे शिष्याने लिहिलेले गुरुचरित्र आतल्या माहितीने समृद्ध असते, पण ते स्वतंत्र साधन नव्हे. अल्लादिया खाँ यांनी उतारवयात आपली जीवनकथा नातू अझीजुद्दीन खाँ यांना सांगितली. तालमीच्या पद्धती आणि दरबारांतील वातावरण यांसाठी ते कथन अमोल आहे. तरीही त्यातील स्वतःच्या घराण्याविषयीचे दावे 'खाँसाहेबांच्या कथनानुसार' असेच नोंदवावे लागतील. ध्वनिमुद्रिका हा तर प्रत्यक्ष पुरावा. पण जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. तेवढ्यावरून तासभराच्या मैफलीविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. प्रत्येक साधन काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे ओळखणे म्हणजेच साधनांची पारख.

तटस्थता म्हणजे मौन, असा एक गैरसमज आढळतो. घरगुती बाबी 'नाजूक' म्हणून वगळण्याकडे आपला कल असतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या नोंदीतून ताराबाई माने यांचे नाव वगळले, तर सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच अपत्ये होत, हे वाचकास कसे कळावे? सुरेशबाबू आणि हिराबाई या दोघांकडे पुढे प्रभा अत्रे शिकल्या. म्हणजे वगळलेल्या एका नावामुळे घराण्याच्या इतिहासातील एक दुवाच निखळतो. कुटुंबातील कुजबूज कोशात नको; पण कलेच्या प्रवासावर ज्याचा परिणाम झाला, ते संयमित शब्दांत आलेच पाहिजे. मला हा प्रश्न केवळ शैलीचा वाटत नाही, तो न्यायाचा वाटतो. कलावंत स्त्रियांची चरित्रे आपल्याकडे दोनच प्रकारे लिहिली गेली : एकतर संकोचाने अर्धी किंवा गौरवाने धूसर. दोन्हींत त्यांचे कष्ट दिसेनासे झाले.

अशी नोंद रूक्ष होईल, हा आक्षेप मला मान्य नाही. रूक्षता तपशिलाच्या अभावातून येते, विशेषणांच्या अभावातून नव्हे. समीक्षा, आठवणी, रसास्वाद यांत प्रेमाला भरपूर जागा आहे; तेथे ते मोकळेपणाने व्यक्त व्हावे. कोशाचे काम निराळे. तो उद्याच्या अभ्यासकाचा पहिला आधार असतो. एका कोशात पडलेले चुकीचे जन्मवर्ष दहा ग्रंथांत उतरते आणि मग त्या दहा ग्रंथांचाच हवाला देऊन ते खरे ठरविले जाते.

आपल्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, संसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. आपल्या गावात एखादे भजनी बुवा, ढोलकीवादक किंवा जात्यावरच्या ओव्यांचा साठा असलेल्या आजी असतील. कोणत्याही कोशात त्यांची नोंद नसेल. त्यांच्याविषयी दोनशे शब्द लिहून पाहा. त्यांना विचारा, शाळेचा दाखला पाहा, जुन्या कार्यक्रमपत्रिका शोधा, गावच्या वाचनालयातील वृत्तपत्रे चाळा. आणि प्रत्येक वाक्यापुढे स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे मला कशावरून कळले? ज्या वाक्याला उत्तर नाही ते खोडा. जे उरेल ते थोडे असेल, पण ते त्या माणसाचे असेल.