पेपर तपासले, छप्पर कोणी तपासले?

परीक्षेच्या बाबतीत आपले राज्य सरकार किती काटेकोर होऊ शकते, हे २०२४ च्या एस.एस.एल.सी.ने सर्वांना दाखवून दिले. केंद्राकेंद्रांवर कॅमेरे लागले, वर्गातील हालचाल थेट वरच्या कचेरीत दिसू लागली आणि २०२३ साली ८३.८९ टक्के लागलेला निकाल ७३.४० टक्क्यांवर आला. तोही ग्रेस गुण १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेल्यानंतर! कॅमेरे लावले ते उत्तमच झाले. कॉपी करून मिळवलेला पहिला वर्ग कोणाच्या कामाचा? पण कॅमेऱ्याची ही नजर त्याच खोलीच्या आढ्याकडे कधी वळणार?

२५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात, झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी सरकारी शाळेचे छप्पर कोसळून सात मुले दगावली. लगोलग शिक्षकांना निलंबित करण्यात आले. जणू इमारत दुरुस्तीचा पैसा मास्तरांच्या खिशातच असतो! त्याआधी १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले गेली. ती शाळा खाजगी होती. म्हणजे या बाबतीत दोघेही सारखेच. त्या दुर्घटनेनंतरच्या खटल्यात १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो. आग विझवण्याची साधने ठेवा, नीट पाहणी झाल्यावाचून सुरक्षिततेचा दाखला देऊ नका, असेही बजावले. या निकालाला सोळा वर्षे होऊन गेल्यावर पिपलोदी घडले.

आम्हा कॉमर्सवाल्यांना पहिल्याच वर्षी घसारा शिकवतात. इमारत दरसाल झिजते, म्हणून तेवढी रक्कम हिशेबात धरायची. सरकारी शाळेच्या इमारतीचा घसारा कोण धरतो? मुलांच्या गुणांचा तक्ता भिंतीवर लागतो. त्या भिंतीचा तक्ता मात्र कोठेच लागत नाही.

उलट परीक्षांचा सोस पाहा. आठवी पुरी होईपर्यंत बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती नसावी, असे शिक्षणहक्क कायद्याचे ३० वे कलम सांगते. तरी मार्च २०२४ मध्ये पाचवी, आठवी व नववीला राज्यपातळीवरची परीक्षा लावली गेली. ती सुरू झाली, न्यायालयात अडली, पुन्हा सुरू झाली आणि ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने निकालच रोखून धरले. पाचवीतल्या पोराने या सगळ्यातून काय धडा घ्यावा?

परीक्षा नकोच, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. मोजमापाशिवाय कच्चे विद्यार्थी कळत नाहीत. पण आपल्या सीमाभागातील सरकारी मराठी शाळांना आधीच पटाची धास्ती. निकाल घसरला की पालक मुलाला दुसरीकडे घालतात, पट उतरतो आणि ‘एवढ्याशा मुलांसाठी दुरुस्ती कशाला?’ असे बोलायला वरचे मोकळे होतात. कन्नड शाळांचीही खेड्यापाड्यांतून हीच गत आहे, हे आमचे कन्नड विभागातील मित्रही मान्य करतील.

एस.डी.एम.सी.च्या बैठकीत पालक निकालाची टक्केवारी हमखास विचारतात. त्यांनी इंजिनिअरचा दाखलाही मागावा. तो कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत शाळेच्या दारावर लावावा. पाहणी मात्र एप्रिल-मेमध्येच व्हायला हवी. खानापूरकडे एकदा पाऊस लागला की कौलांवर माणूस चढवणे कठीण.