पाटावर काय मांडायचे?

आज खंडेनवमी. सुताराने पटाशी आणि रंधा घासूनपुसून पाटावर मांडला असेल, शिंप्याच्या मशीनला झेंडूची माळ चढली असेल, रिक्षाच्या काचेवर हळदकुंकवाची बोटे उमटली असतील. जे हत्यार वर्षभर आपल्या पोटाला घास देते, त्याला एक दिवस हात जोडावेत, त्या दिवशी त्याला कामाला जुंपू नये, ही आपली रीत. मात्र याच पाटापाशी आज कितीतरी घरांत यंदाच पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी क्षणभर थबकली असेल. गेल्या वर्षीपर्यंत तिथे वह्यापुस्तके ठेवली होती. निकाल लागून तीनचार महिने उलटले, पुस्तके माळ्यावर गेली आणि नोकरी अजून लागलेली नाही. मग यंदा पाटावर काय मांडायचे?

या प्रश्नापाशी आपण थोडे थांबू या, कारण नोकरीचा शोध खरे तर इथूनच सुरू होतो. पदवीचे प्रमाणपत्र हे हत्यार नव्हे; ते हाती धरून दाखवता येईल असे काहीतरी अंगी असावे लागते. पांडवांनी अज्ञातवासाला जाताना शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली आणि विराटाच्या दारी ते कामासाठी उभे राहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिथे एकानेही ‘कोणतेही काम चालेल’ असे म्हटले नाही. भीमाने स्वयंपाक सांगितला, नकुलाने घोडे, सहदेवाने गायी, अर्जुनाने नृत्यगायन. नावे बदलावी लागली, पण हुन्नर मात्र खरा होता. आज एकच बायोडेटा शंभर ठिकाणी पाठवून उत्तराची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते. दहाच जागा निवडाव्यात, तिथे नेमके काय काम चालते ते पाहावे आणि त्या कामातले आपल्याला काय येते, ते बायोडेट्याच्या पहिल्या चार ओळींत यावे.

आणि येत असते बरेच. ते लिहायचे असते हेच मुलांना ठाऊक नसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकण्याला प्रतिष्ठा दिली. ‘कमवा व शिका’ ही योजना त्याच परंपरेतून आपल्या महाविद्यालयांत रुजली. त्या योजनेत तीन वर्षे ग्रंथालयात काम केलेली मुलगी बायोडेट्यात त्याचा उल्लेखही करत नाही, कारण ते काम गरिबीमुळे करावे लागले असे तिला वाटते. वडिलांच्या कांद्याचा हंगामभराचा हिशेब ठेवणारा मुलगा, गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च पै न पै जुळवणारा खजिनदार, धाकट्या भावंडांच्या शिकवण्या घेणारी ताई, या सगळ्यांच्या गाठीला अनुभव आहे. तो संकोच सोडून मांडावा. ज्याच्या गाठीला तोही नसेल, त्याने शिकाऊ उमेदवारीचा मार्ग धरावा. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा २०१४ च्या दुरुस्तीनंतर बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांसाठीही खुला झाला. विद्यावेतन तुटपुंजे असते, हे खरे. पण वर्षभर हात कामाला लागतो, आणि पुढच्या खंडेनवमीला पाट रिकामा राहत नाही.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेल्यांना नाउमेद करण्याचा आपला हेतू नाही. परंतु किती प्रयत्न करायचे, हे पहिल्याच वर्षी घरच्यांसमोर बसून ठरवावे आणि ते पाळावे. सदाशिव पेठेतल्या एखाद्या खोलीत सरत जाणारी वर्षे मागे वळून पाहताना फार महाग वाटतात.

उद्या दसरा. सीमोल्लंघन करायचे, आपट्याची पाने घेऊन घरोघरी जायचे, थोरांच्या पाया पडायचे. एरवी वर्षभर ज्यांच्या दारी आपण फिरकत नाही, त्यांच्याकडेही उद्या जातो. या चालीत केवढे शहाणपण आहे! मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एका निबंधात दाखवून दिले की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती बातमी रोजच्या जिवलगांकडून नव्हे, तर अधूनमधून भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. कारणही सरळ आहे. जिवलगांना जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असते. दूरच्या माणसाकडे दुसऱ्याच गावची खबर असते. ओळख सांगणे म्हणजे वशिला लावणे नव्हे. वशिल्याने दुसऱ्याचा हक्क हिरावला जातो. ओळखीने फक्त दार कुठे आहे ते कळते, आत आपल्याच पायांनी जायचे असते. मात्र नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागणारा, मग तो नोंदणीचे शुल्क म्हणो की प्रशिक्षणाची अनामत, त्याच्या दारावरून मागे फिरावे. चांगला मालक कामाचे पैसे देतो, घेत नाही.

आणि आपण, जे नोकरीत स्थिरावलो, ज्यांच्या पाटावर आज काही ना काही आहे, तेही या दिवशी काही देणे लागतो. आपल्यालाही कधीतरी कुणीतरी चाकणच्या कारखान्याचा पत्ता दिला होता, कुणी अर्जातली चूक दुरुस्त केली होती, कुणी मुलाखतीसाठी आपला इस्त्रीचा शर्ट दिला होता. ते उपकार त्या माणसांना परत करता येत नाहीत. पुढच्यांनाच द्यावे लागतात.

उद्या संध्याकाळी अशी एखादी मुलगी, असा एखादा मुलगा सोने द्यायला आपल्या दारी येईल. ‘अजून नाही का लागली?’ एवढे विचारू नका. त्यांना बसवून घ्या, काय काय येते ते विचारा, बायोडेटा मागून घेऊन तो नीट वाचा, आणि निरोप देताना कामाच्या एका तरी माणसाचा फोन नंबर हातात द्या.