‘एखादं सोपं काम बघ ना, दादा’

गेले दोन वीकेंड रिलीझच्या गडबडीत गेले, त्यामुळे लिहायला जमलं नाही. आज जमतंय, पण डोकं जरा तापलेलं आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

झालं काय, की गुरुवारी रात्री अहमदपूरहून मावशीचा फोन आला. मावसभाऊ बीएस्सी झालाय. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जी अतिवृष्टी झाली, त्यात सोयाबीन पाण्यात गेलं, ते काही अजून सावरलेलं नाही. मावशी म्हणाली, "त्याला तिकडं बोलावून घे बाबा. लई मोठं नको, सोपं-साधं कायतरी बघ." मग फोन त्याच्या हातात. "दादा, काहीबी चालतंय. सोपं असलं म्हणजे बास. मंग पुढचं बघू."

आणि मी काय म्हणालो? तेच, जे नांदेड-लातूरहून पुण्यात आलेला प्रत्येक जण म्हणतो. "ये रे, पुण्यात कोणी उपाशी राहत नाही. रिझ्युमे पाठवून ठेव."

फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली. कारण ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत, आणि ती खोटी आहेत हे मला २०१९ पासून माहीत आहे.

आधी ‘सोपं काम’ या शब्दाकडे बघू. आपल्याकडे मिळायला सोपं आणि करायला सोपं यांची बेमालूम भेसळ झालेली आहे. मॉलमधला सेल्समन, नाइट शिफ्टचं कॉल सेंटर, गोदामातलं पॅकिंग, बाईकवरची डिलिव्हरी, एटीएमबाहेरचा सिक्युरिटी गार्ड. ही कामं आठवडाभरात मिळतात, कबूल. पण का मिळतात? कारण कालपर्यंत तिथे असलेला मुलगा काम सोडून गेलेला असतो. ज्या दुकानात कायम ‘मुले पाहिजेत’ची पाटी असते, तिथे कामाचा सुकाळ नसतो हो, माणसं टिकत नसतात. ती पाटी जाहिरात म्हणून वाचायची की इशारा म्हणून, हे आपल्याला कोणी शिकवलं नाही.

आता हिशोब. आम्ही इंजिनिअर लोक भावनेत कच्चे, पण एक्सेलमध्ये पक्के. समजा भाऊ १ जूनला उतरला आणि नशिबाने ८ जूनला १५ हजारांवर लागला. कॉट बेसिसवर जागा ५ हजार, तेवढंच डिपॉझिट, मेस साडेतीन हजार, बस दीड हजार, फोन-चहा-किरकोळ एक हजार. झाले १६ हजार. पगार कधी? कंपनी अगदी सज्जन असली तरी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. कायदाच तेवढी मुदत देतो. पण मेसवाल्या काकू आणि घरमालक १ जुलैलाच दारात उभे. म्हणजे आणखी साडेआठ हजार. एकूण २४,५००, पहिला रुपया हातात यायच्या आधी. आणि ७ जुलैला जो पगार येईल तो २३ दिवसांचा. साडेअकरा हजार. त्यातून पीएफ वगैरे कापून दहाच्या आसपास.

१ जून ते ७ जुलै म्हणजे ३६ दिवस. पुण्याचा आणि नव्या माणसाचा छत्तीसचा आकडा तो हाच!

हे २४,५०० आणायचे कुठून? २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे हमीभावाने विकलं तरी साडेचार क्विंटलच्या वर सोयाबीन फक्त ‘सोप्या कामा’च्या दारात उभं राहायला लागतं. ज्याचं सोयाबीन पाण्यात गेलं, त्याने ते सावकाराकडून किंवा मावशीच्या गळ्यातून आणायचं.

मला यात एक गोष्ट फार बोचते. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारं जोडपं, ज्याला ‘कोयता’ म्हणतात, ते मुकादमाकडून आधी उचल घेतं. ती उचल वाईटच. त्यापायी माणूस हंगामभर बांधला जातो, फिटली नाही तर पुढच्या वर्षीही. तिचं कौतुक मी करणार नाही. पण निदान पैसा मुकादमाकडून मजुराकडे जातो. शहरातल्या पहिल्या नोकरीत उलटं आहे. इथे पदवीधर पोरगा घरचे पैसे खाऊन महिनाभर राबतो आणि मगच कंपनी पगार काढते. उचल आपण देतोय, तीही कंपनीला! आणि वर या नोकरीला ‘सोपी’ म्हणतोय.

माझंच सांगतो. २०१९ च्या जूनमध्ये डिग्री घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने नांदेडहून आलो. साडेचारशे किलोमीटर, मांडीवर सर्टिफिकेटची फाईल. चौथ्या दिवशी एका कन्सल्टन्सीने ‘रजिस्ट्रेशन’चे अडीच हजार घेतले आणि मला ज्या वॉक-इनला पाठवलं, तिथे आत जायला कोणालाच पैसे लागत नव्हते. तिथल्या रांगेत उभा राहिल्यावर कळलं. मग एका कॉल सेंटरमध्ये लागलो. ‘टेम्पररी आहे, सहा महिन्यांत आयटीत जाऊ.’ रात्री ९ ते सकाळी ६. सकाळी खोलीवर आलो की डोळे मिटायचे, आणि इंटरव्ह्यू कधी? सकाळी १० ते संध्याकाळी ५. सुट्टी मागितली की टीम लीडर म्हणायचा, "इन्सेंटिव्ह जाईल." पाचव्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की जावा मी विसरत चाललोय. दुसरं काम शोधायला लागणारा वेळ आणि डोकं, दोन्ही हे काम खाऊन टाकत होतं. मी सुटलो तो हुशार होतो म्हणून नाही. अण्णांनी फोनवर सांगितलं, "सोड ते. तीन महिने मी पाठवतो." अण्णांची सरकारी नोकरी होती, म्हणून ते म्हणू शकले. बस्स, एवढाच माझा ‘स्ट्रगल’. माझ्या शेजारच्या कॉटवरचा उदगीरचा मुलगा माझ्यापेक्षा बरं कोडिंग करायचा. त्याच्या घरून पैसे यायचे नव्हते, उलट त्यालाच पाठवायचे होते. तो दोन वर्षांनीही तिथेच होता.

आता इथे आपले सीनियर लोक म्हणणार, "आम्हीही असेच दिवस काढले. त्यानेच माणूस घडतो." घडतो ना. पण जो घडला नाही तो तुमच्या गेट-टुगेदरला येत नाही, म्हणून तुम्हाला दिसत नाही. आयुष्यभर डेटा बघणाऱ्या लोकांनी तरी पोहून आलेल्यांची मुलाखत घेऊन नदी उथळ असल्याचा रिपोर्ट देऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "म्हणजे छोटं काम कमीपणाचं का?" अजिबात नाही. गार्डचं, डिलिव्हरीचं काम कष्टाचं आहे आणि ज्याला करायचं आहे त्याने ताठ मानेने करावं. माझं भांडण त्या कामाशी नाही. त्या कामाला पुलाचं नाव देऊन विकणाऱ्यांशी आहे. पूल असेल तर पलीकडचा काठ दाखवा.

आणि थोडं भांडण आपल्या ‘पॅटर्न’शीही आहे. लातूर पॅटर्नचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. शाहू कॉलेजचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे हेच पुढे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. शिक्षणाच्या जोरावर आपल्या भागाने नाव काढलं ते खरंच. पण पुढे आपण पोरांना चार पर्यायांतून एक निवडायला इतकं घासून शिकवलं, की ‘ऑफर लेटरमध्ये काय वाचायचं’ हा पाचवा प्रश्न राहूनच गेला. ज्याला मेडिकल-इंजिनिअरिंग मिळालं त्याचा फ्लेक्स लागला. ज्याला नाही मिळालं, त्याला ‘पुण्याला जा’ म्हणून गाडीत बसवलं. लातूरच्या रेल्वे कोच फॅक्टरीची पायाभरणी २०१८ मध्ये झाली, तेव्हा घराघरांत "आता पोरं इथंच लागतील" असं बोललं जायचं. पण ट्रॅव्हल्स अजून भरून येतायत, हे मी दर दिवाळीनंतर डोळ्यांनी बघतो.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीधराला १० हजार महिना. कल्पना वाईट नाही, सुरुवातीचा काळ निभावण्यासाठी असंच काहीतरी हवं. पण वरचा हिशोब पुन्हा बघा. १० हजारांत पुण्यातली कॉट आणि मेस भागते आणि हातात दीड हजार उरतात. डिपॉझिट कुठून द्यायचं?

मग करायचं काय? नुसती चिडचिड करून उपयोग नाही, म्हणून ठोस बोलतो.

येणाऱ्याने चार गोष्टी पाळाव्यात. एक, काम देण्यासाठी जो पैसे मागतो तो काम देणारा नव्हे. रजिस्ट्रेशन असो, ट्रेनिंग असो, युनिफॉर्म डिपॉझिट असो, उठून यायचं. दोन, ओरिजिनल सर्टिफिकेट कुठेही ठेवून द्यायचं नाही, झेरॉक्स द्यायची. तीन, नियुक्तीपत्र मागायचं. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात नियुक्तीपत्र द्यायची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, त्यामुळे मागताना लाजायचं कारण नाही. आणि त्यात ‘सीटीसी’ नाही, हातात किती येणार ते विचारायचं. चार, आठवड्यातली एक सुट्टी कामाच्या दिवशी मागून घ्यायची, रविवारी नको. रविवारी इंटरव्ह्यू होत नाहीत.

पण खरा मुद्दा येणाऱ्याचा नाहीच. आपला आहे. आपल्या कंपन्या रेफरलचा बोनस देतात. पाच वर्षं अनुभव असलेला माणूस आणला की पैसे, म्हणून त्याच्यासाठी आपण एचआरच्या मागे लागतो. फ्रेशरला बोनस नसतो किंवा नावापुरता असतो, म्हणून त्याचा रिझ्युमे इनबॉक्समध्ये कुजतो. हे मीही केलंय. ‘रिझ्युमे पाठव’ हे आपलं सभ्य भाषेतलं ‘नाही’ आहे. मावशीला ते कळत नाही, ती देवाजवळ दिवा लावून वाट बघते.

तेव्हा नांदेड-लातूरच्या, पुण्यात पाय रोवलेल्या मित्रांनो, काम बघू नका, छत्तीस दिवस द्या. आपल्यातल्या चौघांनी सहा-सहा हजार काढले की एका पोराची पहिली फेरी जवळजवळ निभते. वीकेंडला एका मॉलमध्ये आपण किती उडवतो ते कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये बघा. उधार द्या, परत घ्या, लिहून घ्या, माझी काही हरकत नाही. पण त्या पोराला मिळेल ते पहिलं काम धरायची घाई राहणार नाही, एवढं बघा. शहरात नव्या माणसाकडे नसते ती फक्त एक गोष्ट, नाही म्हणायची ऐपत. ती आपण देऊ शकतो.

काल रात्री मावसभावाला परत फोन केला. म्हटलं, "सोपं काम बिम काही नसतं रे. तू ये. दीड महिना माझ्याकडं राहायचं, जेवायचं, आणि रोज माझ्यासमोर बसून अर्ज करायचे. पहिल्या तीन ऑफर मला दाखवल्याशिवाय हो म्हणायचं नाही."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "दादा, पण तुझ्या रूम पार्टनरला चालंल का?"

हा प्रश्न मी विचारात घेतलाच नव्हता. आज दुपारी पार्टनरशी बोलायचंय. तो परभणीचा आहे, नाही म्हणणार नाही असं वाटतंय. गादी एक जास्तीची लागेल, ती संध्याकाळी आणतो.