धांगडधिंगा म्हणण्यापूर्वी

‘धांगडधिंगा’ हा आपल्या सुसंस्कृत मंडळींचा फार लाडका शब्द आहे. तो एकदा उच्चारला की ऐकण्याचे कष्ट वाचतात. सीमाभागातल्या व्याख्यानमालांतून वक्ते बदलतात, शाली बदलतात, हा शब्द मात्र दरवर्षी हजर असतो. त्याच्या जोडीला दुसरा येतो, ‘भेसळ’. मुले भेसळीचे संगीत ऐकतात, भेसळीची भाषा बोलतात, आणि म्हणून संस्कृती बुडाली, असा एकूण सिद्धान्त. मला हा सिद्धान्त साफ अमान्य आहे. तो तपासण्यासाठी मी मुद्दामच असे उदाहरण घेतो की ज्याच्यावर हे दोन्ही शब्द आमचे वक्ते डोळे मिटून फेकतील. ‘फंकाडेलिक’ या अमेरिकन कृष्णवर्णीय वृंदाने १९७२ साली काढलेला दोन तबकड्यांचा संच, नाव ‘अमेरिका ईट्स इट्स यंग’. म्हणजे, अमेरिका आपलीच पिल्ले खाते.

वेष्टनावर डॉलरच्या नोटेचे विडंबन आहे, आणि तिच्यात स्वातंत्र्यदेवता तान्ही मुले खात बसली आहे. चित्र बीभत्स आहे यात शंका नाही. पण ते ज्या वर्षांत काढले गेले ती वर्षे आठवा. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. १९७१च्या जुलैपर्यंत अमेरिकेतल्या अठरा वर्षांच्या मुलाला युद्धावर धाडता येत होते, पण मतदानाचा हक्क त्याला सर्वत्र नव्हता. १९६६ पासून सैन्याने भरतीच्या बौद्धिक चाचणीची पातळी खाली आणली आणि एरवी नापास ठरली असती अशी तीन लाखांहून अधिक मुले आत घेतली. त्यांत सुमारे चाळीस टक्के कृष्णवर्णीय होती. मी शिक्षक आहे. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांची अशी सोय लावणारे राज्य पाहिल्यावर मला ते चित्र अतिशयोक्त वाटत नाही. मे १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मेले. ते साऱ्या जगाला ठाऊक झाले. पुढच्या दहा-बारा दिवसांत मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात दोघे मारले गेले. ते किती जणांना ठाऊक आहे?

आता ‘भेसळ’. या वृंदाचा मेढ्या जॉर्ज क्लिंटन हा न्यू जर्सीतल्या प्लेनफील्ड गावी केस कापण्याच्या दुकानात काम करणारा. पन्नाशीच्या दशकात त्याच दुकानात पाच पोरांनी गळा जुळवून गाण्याचा सराव केला, आणि ‘पार्लमेंट्स’ हा गायकसंच उभा राहिला. एकसारखे सूट आणि भांग पाडलेले केस. क्लिंटनने पुढे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी गीते लिहिली. १९६७ साली त्यांचे एक गाणे चांगले गाजले, पण ध्वनिमुद्रण कंपनीशी तंटा होऊन स्वतःचेच नाव वापरण्याची चोरी झाली. तेव्हा साथीला बसणाऱ्या पोरांचे नाव पुढे केले गेले, ते फंकाडेलिक. ‘फंक’ आणि ‘सायकेडेलिक’ या दोन शब्दांचा तो संधी. सूट गेले, चादरी गुंडाळणे आले, विजेच्या गिटारचा कानठळ्या बसवणारा आवाज आला. नशापाणीही आले. त्याची भलामण मी करणार नाही.

पण संगीताकडे पाहा. यातला बर्नी वॉरेल आठव्या वर्षी कॉन्चेर्टो रचणारा, बोस्टनच्या संगीत महाविद्यालयात पाश्चात्य शास्त्रीय संगीत शिकलेला. या संचातल्या तंतुवाद्यांच्या आणि पितळी वाद्यांच्या रचनेवर त्याचा हात आहे. ‘अ जॉयफुल प्रोसेस’ ऐकताना तो हात चटकन ओळखू येतो. दुसरीकडे, बूट्सी कॉलिन्स हा सिनसिनाटीचा पोरगा १९७० साली जेम्स ब्राउनच्या वृंदात बास गिटार वाजवत होता. ब्राउनने त्याला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली. मध्ये हवे ते वाजव, पण चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर नेमका ये. आपल्या श्रोत्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको, आपण तिला सम म्हणतो. चर्चमधल्या टाळ्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडत. ब्राउनने सारा भार पहिलीवर आणला आणि त्यातून फंक उभा राहिला. या संचात बूट्सी प्रथमच क्लिंटनकडे आला, आणि ‘फिलमोर’ हे गाणे तो ब्राउनच्या घराण्यातलाच ठेका घेऊन गातो.

म्हणजे एका संचात देवळातला गळा, केशकर्तनालयातला सूर, शास्त्रीय शिक्षण, ब्राउनची सम आणि गिटारचा गोंगाट. अमेरिकेतल्या बाजाराला हे कुठल्या फडताळात ठेवावे ते कळेना. फडताळे तर आधीपासूनच ठरलेली. १९४९ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांच्या यादीला व्यापारी पत्रे ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत, नंतर नाव बदलले, कप्पा राहिला. शुद्धतेची आरोळी बहुधा अशा कप्पेवाल्यांकडूनच येते.

आणि आपण कोणत्या तोंडाने बोलणार? ज्या नाट्यसंगीतावर आमचे वक्ते डोळे पाणावतात त्याचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्या संगीतात कानडी चाली आहेत, लावणी आहे, पुढे ठुमरी आणि गझलही आली, आणि साथीला ऑर्गन, तो तर थेट परदेशातला. वॉरेलने वाजवला की धांगडधिंगा आणि गंधर्वांच्या मागे वाजला की स्वर्ग!

दोष आहेत, ते लपवत नाही. संच लांबला आहे. दोन तबकड्यांऐवजी दीड पुरली असती. स्त्रियांविषयीची एक-दोन गाणी उथळ आहेत. वेष्टनाच्या आत ‘प्रोसेस चर्च’ नावाच्या पंथाचा मजकूर छापला आहे, तो मला निव्वळ बाष्कळ वाटतो. एडी हेझल हा त्यांचा अफाट गिटारवादक या वेळी फारसा नाही, आणि ती उणीव जाणवते.

पण एका गाण्यासाठी मी हे सारे माफ करीन. त्याच्या नावाचा अर्थ असा की परिणाम नको असेल तर कारण निर्माण करू नका. हे गाणे सरकारला शिव्या देत नाही. ते निषेध करणाऱ्यांनाच धारेवर धरते, जे मऊ आसनावर बसून देशाच्या नावाने बोटे मोडतात, मोर्चे काढतात आणि ज्या व्यवस्थेवर रागावतात तिचेच लोणी खातात. स्वतःच्या श्रोत्यांना इतके तोंडावर सुनावणारे गाणे आपल्या मंचावर कोणी गाईल का?

कारण इथे ते लागू पडते. सीमाप्रश्नाच्या मोर्चात झेंडा धरणारे, मराठी शाळा ओस पडल्या म्हणून गळा काढणारे सद्गृहस्थ मी अनेक पाहिले आहेत. प्रवेशाचे रजिस्टर जूनमध्ये माझ्या टेबलावर असते. त्यात त्यांच्या नातवंडांची नावे शोधून सापडत नाहीत. ती इंग्रजी माध्यमात गेलेली असतात. आणि मग तेच नातवंड घरी अर्धे मराठी, अर्धे कानडी, अर्धे इंग्रजी बोलले (हिशेबात दीड होते, पण मुले तसेच बोलतात) की आजोबा व्याख्यानात भेसळीवर तुटून पडतात. गल्लीत कानडी शिकणारे, घरी मराठी बोलणारे पोर मला बिघडलेले वाटत नाही. त्याला लिहायला-वाचायला मराठी न देता केवळ अभिमान देणारे घर मात्र बिघडलेले वाटते.

एवढे सांगूनही ज्यांना ‘धांगडधिंगा’ म्हणायचेच आहे, त्यांनी खुशाल म्हणावे. फक्त आधी दोन्ही तबकड्यांच्या चारही बाजू ऐकाव्यात. सव्वा तासाच्या आत आटोपतात. आमच्या उद्‌घाटनाच्या भाषणांना याहून जास्त वेळ लागतो.