गोल्फ जीटीआय, ऑक्टाव्हिया आरएस आणि १५ मिमीची चकती: व्हील स्पेसरमध्ये खरा धोका कुठे असतो?

२०२५ मध्ये आपल्याकडच्या गाडीवेड्यांची चंगळ झाली. मे महिन्यात फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आली, ऑक्टोबरमध्ये स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. दोन्ही पूर्ण तयार होऊन बाहेरून आलेल्या, दोन्हींना २६५ पीएस ताकद आणि ३७० न्यूटन-मीटर टॉर्क, किंमत एक्स-शोरूम पन्नास लाखांच्या आसपास. ऑक्टाव्हियाच्या तर १०० च गाड्या होत्या आणि त्या लाँचच्या आधीच संपल्या. गाड्या मोजक्या, रील्स मात्र ढिगाने. त्या रील्समध्ये एक गोष्ट हमखास दिसते: चाकं बाहेर आलेली, फेंडरच्या कडेला अगदी टेकल्यासारखी. पाहणाऱ्याचा प्रश्न एकच, "भावा, स्पेसर कितीचे?"

उत्तरही तेवढंच येतं. "मागे १५, पुढे १०." बोल्ट कुठले, किती घट्ट केले, हे ना कोणी विचारतं ना कोणी सांगतं. मग तोच आकडा उचलून लोक जुन्या पोलोला, व्हर्टस जीटीला, आय२० एन लाइनला चकत्या लावतात. म्हणून हे प्रकरण पन्नास लाखवाल्यांपुरतं राहत नाही.

आधी बेसिक समजून घेऊ. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी अॅल्युमिनियमची जाड चकती. चाकाच्या बरोब्बर मध्यापासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती बाहेर आहे, त्या अंतराला ऑफसेट म्हणतात. रिमवर ते 'ईटी' म्हणून कोरलेलं असतं. समजा ईटी ५० आहे आणि १५ मिमीचा स्पेसर लावला, तर परिणाम ईटी ३५ चाक लावल्यासारखाच. दोन्ही बाजूंना लावला की त्या अॅक्सलवर चाकांमधलं अंतर ३० मिमीने वाढतं. गाडी रुंद दिसते, उभी राहते झकास. वळणावर थोडा फरकही पडतो. ही काही चोरबाजारातली युक्ती नाही. पोर्शेने काही मॉडेल्सवर ५ मिमीचे स्पेसर स्वतःच्या पर्यायांच्या यादीत दिले होते.

मग लोक घाबरवतात कशावरून? "बेअरिंग जाईल" हे सगळ्यात लाडकं वाक्य. जरा हिशोब करू. एका चाकावर साधारण ४०० किलो वजन धरा. चाक १५ मिमी बाहेर सरकलं तर बेअरिंगवर वाढणारा पीळ येतो सुमारे ६० न्यूटन-मीटर. जोरात वळताना त्याच चाकावर बाजूने तितकाच जोर आला, तर चाकाच्या त्रिज्येमुळे (३२ सेंमी धरू) बेअरिंगला जवळपास १२५० न्यूटन-मीटर सोसावे लागतात. म्हणजे बेअरिंग यापेक्षा कितीतरी जास्त सोसायलाच बनवलेलं असतं. ६० चा भार सतत राहतो, त्यामुळे आयुष्य थोडं कमी होईल, मान्य. पण १०-१५ मिमीसाठी मी बेअरिंगच्या नावाने झोप उडवून घेणार नाही. ३०-४० मिमी लावणाऱ्यांनी मात्र हाच हिशोब पुन्हा मांडावा.

माझ्या मते खरा धोका बोल्टमध्ये आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर बोल्ट ही स्पेसरची डिपेंडन्सी आहे. स्पेसर अपडेट केला आणि डिपेंडन्सी जुनीच ठेवली की सिस्टिम कोसळणार.

आपल्याला वाटतं बोल्ट म्हणजे खुंट्या आणि चाक त्यांना टांगलेलं. तसं नसतं. घट्ट केल्यावर बोल्ट किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा चाकाला हबवर दाबून धरतो. गाडीचा भार पेलतं ते त्या दाबामुळे तयार झालेलं घर्षण. १४ मिमीचा कोरडा बोल्ट १२० न्यूटन-मीटरने आवळला तर साधारण ४३ किलोन्यूटन, म्हणजे चार टनांहून जास्त दाब मिळतो. पाच बोल्टांचा मिळून वीस टनांच्या पुढे. हा दाब आहे तोवर सगळं ठीक. तो गेला की चाक सूक्ष्म हलायला लागतं, बोल्टवर आडवा मार बसतो आणि काही शे किलोमीटरमध्ये तो थकून तुटतो.

आता १५ मिमीची चकती घालून जुनाच बोल्ट लावला तर आत जाणारे आटे १५ मिमीने कमी झाले. बऱ्याच गाड्यांत मग दोन-तीनच आटे पकडतात. म्हणून नियम सोपा: स्पेसर जितका जाड, बोल्ट तितकाच लांब. १४ मिमी व्यासाच्या, दीड मिमी पिचच्या बोल्टला किमान साडेसात फेरे तरी आत जायला हवेत. हाताने फिरवत मोजा, पान्याने नको. गरजेपेक्षा लांब बोल्टही वाईट, तो हबच्या मागे आतल्या पार्टला घासू शकतो.

बोल्टच्या डोक्याचा आकार हा आणखी एक सापळा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या कंपनीच्या चाकांना गोल बुडाचे बोल्ट लागतात. बाजारातल्या बऱ्याच अलॉयना आणि त्यांच्यासोबत मिळणाऱ्या बोल्टांना शंकूसारखं बूड असतं. चुकीची जोडी आवळली जाते, टॉर्क रेंच 'टक्'ही करतो, पण टेकलेली असते फक्त एक बारीक कड. ती झिजली की बोल्ट सैल.

मापांचंही तेच. गोल्फच्या पाच बोल्टांचं वर्तुळ ११२ मिमी, व्हर्टसचं १०० मिमी. दोन्हींना पाच बोल्ट, मधलं छिद्रही ५७.१ मिमी, तरी एकाचा स्पेसर दुसऱ्याला बसत नाही. आय२० ला चारच, आणि तिथे बोल्ट नसून स्टड-नट. म्हणून "सगळ्या गाड्यांना चालेल" असं लिहून लांबट खाचा असलेली चकती विकायला ठेवली असेल तर पुढे स्क्रोल करा. स्पेसरला हबवर नेमकी बसणारी आतली रिंग आणि चाकासाठी बाहेर तसाच ओठ हवा. नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. मध्ये राहिलेला गंज, रंग किंवा माती नंतर चुरगळते आणि दाब उतरतो. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावू नका: त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. टायरवाल्याच्या हवेच्या गनने शेवटचं आवळणं नकोच. टॉर्कचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, ताऱ्याच्या क्रमाने आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. मग मागे तीन माणसं आणि डिकीत सामान भरून स्पीडब्रेकरवरून न्या, पुढची चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. रिकाम्या गाडीत न घासणारा टायर भरल्यावर फेंडरला घासतो. जुने बोल्ट डिकीत ठेवा. पंक्चर झाल्यावर स्टेपनी स्पेसरशिवाय लावली तर लांब बोल्ट तिथे चालणार नाहीत.

एक वेगळं मत: पुढच्या चाकांची ताकद असलेल्या गाडीत पुढे स्पेसर लावूच नये, किंवा अगदी पातळ लावावा. चाक बाहेर सरकलं की स्टिअरिंगची भूमिती बदलते, आणि ३७० न्यूटन-मीटर पुढच्या दोन चाकांवर आले की स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं वाटतं. रील्समध्ये ते दिसत नाही.

आता कायदा. जर्मनीत स्पेसरसोबत तपासणी अहवाल येतो. कुठल्या गाडीला, कुठल्या टायरसोबत चालेल हे त्यात लिहिलेलं असतं, आणि बसवल्यावर अधिकृत तपासनीस गाडी बघून शिक्का देतो. आपल्याकडे मालकाच्या हातात असा कागद नसतो. उलट मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका कडकपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कलम ५२ मध्ये 'स्पेसर' हा शब्द नाही, त्यामुळे रस्त्यात अडवल्यावर अर्थ लावणार समोरचा अधिकारी. फेंडरबाहेर डोकावणारा टायर त्याला लांबूनच दिसतो. विमा कंपनीला न कळवलेला बदलही अपघातानंतर सर्व्हेअरच्या फोटोत येतो, आणि क्लेमचा वाद तिथून सुरू होतो.

दुकानदार चकती विकून मोकळा, बसवणारा टायरवाला बिलावर "फिटिंग" एवढंच लिहितो. त्याच्याकडून बोल्टची लांबी आणि लावलेला टॉर्क बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला तयार नसेल तर गाडी तिथून बाहेर काढा.